टर्बो ट्रॅक्टर: पहाटे सुरू न होणं आणि लोडवर काळा धूर

डिसेंबर-जानेवारीत धुळे-साक्रीकडे पहाटेचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला तोच ४५ च्या पुढे चढतो. खान्देशातल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला वर्षभरात ही दोन्ही टोकं सोसावी लागतात. गारठ्यात ते लवकर उठत नाही आणि उन्हाळ्यात पलटी नांगर लावला की काळा धूर ओकत दम टाकतं. इंजिन टर्बोचं असेल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर जास्त हवा आत ढकलणारं चाक त्याला असेल, तर पहिला संशय टर्बोवर जातो आणि पहिला पाना डिझेल पंपाच्या मात्रा वाढवणाऱ्या स्क्रूला लागतो. बहुतेक वेळा संशयही चुकतो आणि पानाही.

सुरू न होणं आणि ओढ कमी पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. सेल्फ (स्टार्टर मोटर) मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम दीड-दोनशे फेरे घेतं. तेवढ्यात बाहेर पडणाऱ्या वायूला टर्बोचं चाक पळवण्याइतका जोर नसतो, म्हणजे त्या वेळी टर्बो इंजिनही साध्या इंजिनासारखीच हवा ओढतं. म्हणून ट्रॅक्टर सुरूच होत नसेल तर टर्बो खोलू नका. बॅटरी, डिझेल आणि सिलिंडरमधली गरमी या तीनच गोष्टी तपासा. टर्बोची पाळी इंजिन लोडवर आल्यानंतर येते.

पंप कोणता आहे ते आधी पाहा

पंपापासून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत (डिझेलचा फवारा सोडणाऱ्या तोंडापर्यंत) स्वतंत्र लोखंडी पाईप गेलेला दिसला आणि नोझलवर वायर नसली, तर पंप मेकॅनिकल आहे, मग तो इनलाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर) असो की रोटरी (एकच फिरता भाग सगळ्यांना डिझेल वाटतो). मधे एक जाड आडवी नळी, तिच्यातून सगळे पाईप निघालेले आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कपलर असेल, तर ते कॉमन रेल. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम स्टेज ४ हे धुराचं मानक लागू झालं, तेव्हापासून त्या गटात कॉमन रेल वाढलं. ५० च्या आतले अजून बहुतांश मेकॅनिकल पंपावर आहेत.

हा फरक जिवाशी निगडित आहे. मेकॅनिकल पंपात नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनावर रेलचा पाईप ढिला केला तर सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण डिझेल आत पसरत राहतं आणि बोट, हात गमवायची वेळ येते. अशी धार लागली तर दुखो न दुखो, लगेच दवाखाना गाठा. खाली जिथे नोझलच्या पाईपाचा नट ढिला करायला सांगितलं आहे, ते फक्त मेकॅनिकल पंपासाठी. तेव्हाही चष्मा घाला आणि हात धारेसमोर धरू नका.

सेल्फ कसा फिरतो

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबाने आलेल्या गरमीवर डिझेल पेटतं. सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा कडेने निसटते, गरमी भिंतींत मुरते आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑईल घट्ट होतं. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून नोव्हेंबरपर्यंत चाललेली बॅटरी डिसेंबरात हात टेकते.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे उतरलेली. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक घर तपासा. भरलेल्या घरात १.२६० ते १.२८० दिसतं, आणि एकच घर बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर ती बॅटरी चार्ज करून टिकणार नाही. मग सेल्फ मारत असतानाच व्होल्टेज बघा. ते ९.६ च्या खाली कोसळलं तर बॅटरी थकलेली आहे, किंवा सेल्फ आतून जास्त करंट ओढतो आहे.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ मंद? अर्थिंगकडे वळा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत अडथळा आहे. काळ्या मातीचा चिखल, गंज आणि रंगावरच कसलेला बोल्ट, यांतलं काहीतरी सापडतंच. बोल्ट काढा, लोखंड घासून चकचकीत करा, कसा आणि वरून ग्रीस लावा. नव्या बॅटरीचा खर्च कित्येकदा इथेच वाचतो.

एका दमात सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मधे मिनिटभर थांबा. सेल्फ अजिबात फिरत नसेल तर क्लच पूर्ण दाबला आहे का, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि गिअर न्यूट्रलला आहेत का ते पाहा. सेफ्टी स्विच त्याशिवाय करंट सोडत नाही.

सायलेन्सर काय सांगतो

सेल्फ जोरात फिरतोय तरी इंजिन उचलत नाही, तेव्हा एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचं. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. पुढची सगळी वाट इथेच ठरते.

धूर नाही: डिझेलची वाट तपासा

आधी फुकटातल्या गोष्टी. स्टॉपची केबल पूर्ण आत गेली आहे का? विजेचा स्टॉप सोलेनॉइड असेल तर चावी फिरवताना त्याचा 'टक' आवाज यायला हवा. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' असा हवा ओढल्याचा आवाज झाला तर झाकणाचं श्वास घ्यायचं भोक मातीने बुजलं आहे. ते तारेने मोकळं करा. मग पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडा. पावसाळ्यानंतर यात हमखास पाणी असतं.

हिवाळ्यात एक वेगळाच प्रकार घडतो. डिझेलमध्ये मेण असतं आणि थंडीत त्याचे कण होऊन फिल्टर तुंबतो. फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची भारतीय मानकातली मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल जानेवारीत तोरणमाळ-धडगावकडच्या दव गोठणाऱ्या पहाटेला वापरलं, तर त्याने फिल्टर अडवला यात नवल नाही. वाटीत डिझेल दुधाळ दिसतं आणि ऊन वर आलं की ट्रॅक्टर आपोआप ठीक होतो, ही त्याची खूण. फिल्टरच्या बाहेरून गरम पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळा. पेटता टेंभा टाकीखाली धरण्याचा प्रकार कधीही करू नका. थंडीच्या दिवसांत ताजं डिझेल भरा, आणि टाकी संध्याकाळीच भरा म्हणजे रिकाम्या जागेत रात्री दव धरून पाणी होत नाही.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाईन एअर धरते. मेकॅनिकल पंपावर एअर काढायचा क्रम असा:

१. टाकीत निदान दहा-पंधरा लिटर डिझेल ठेवा आणि कॉक उघडा.
२. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप दाबत राहा. बुडबुडे थांबून सलग धार आली की हात चालू ठेवतच स्क्रू कसा.
३. दुसऱ्या फिल्टरवर तेच करा, मग पंपावरच्या एअर स्क्रूवर. क्रम उलटा केलात तर मागची हवा पुन्हा पुढे येते.
४. तरीही उचललं नाही तर थ्रॉटल पूर्ण देऊन सगळ्या नोझलांच्या पाईपांचे नट अर्धा-एक आटा ढिले करा आणि सेल्फ मारा. प्रत्येक नटाशी डिझेल ठिबकू लागलं की एकेक कसत जा.

कॉमन रेलमध्ये फक्त पहिल्या दोन पायऱ्या. पुढचं काम चावी ऑन करून विजेचा पंप किंवा हातपंपच करतो. रेलमध्ये साधारण २५०-३०० बार दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. तो दाब स्कॅनरवर वाचता येतो. दाब चढत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडून सेल्फ मारा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल साठलं तर दाब त्याच इंजेक्टरमधून गळतोय.

एअर काढल्यावर चालतो, पण दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच, अशी तक्रार असेल तर टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूला फट आहे. इथे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून फट डोळ्यांना दिसत नाही. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे बघा. अजून पक्की खात्री हवी असेल तर डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच बांधून थेट फीड पंपाला नळी द्या. त्यावर ट्रॅक्टर नीट चालला तर दोष टाकीपासूनच्या लाईनीतच आहे. बंजो बोल्टचे (ज्यांच्या आतून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. दोन-चार रुपयांचा जुना वॉशर पुन्हा लावल्याने माणसं आठवडाभर एअर काढत बसतात.

पांढरा धूर: डिझेल आहे, गरमी नाही

आत जाणारी हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात आधी तोच पाहा. चावी हीटरच्या जागी धरल्यावर टोकाला बॅटरीइतकं व्होल्टेज मिळतं का? मिळत असूनही पंधरा-वीस सेकंदांत हीटरजवळची मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) कोमट होत नसेल तर हीटर जळाला आहे. ग्लो प्लग (सिलिंडरच्या आत तापणारे प्लग) असतील तर प्रत्येकाची वायर काढून ओहममध्ये मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा कमी दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही.

हीटर ठीक असेल तर नोझल काढून टेस्टरवर लावा. ठरल्या दाबाला उघडणं, धुक्यासारखा फवारा आणि नंतर टोकाला थेंब न लोंबणं, या तिन्ही गोष्टी जमल्या पाहिजेत. धारेने डिझेल सोडणारं नोझल थंडीत पेटत नाही आणि गरमीत पिस्टनला भोक पाडतं. त्यानंतर टॅपेटची (वॉल्व उघडणाऱ्या भागाची) फट पाहा आणि शेवटी कॉम्प्रेशन मोजा. साधारण २५ ते ३० बार यायला हवं. सिलिंडरांमध्ये मोठी तफावत असेल तर रिंग, वॉल्व किंवा हेड गॅस्केटचं काम निघतं.

हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरणं आणि ईथरचा स्प्रे मारणं हे दोन्ही उपाय टर्बो इंजिनावर घातक आहेत. चिंधीचा निखारा फिल्टरविना आत गेला तर कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाची) पाती खराब होतात. ईथर तापलेल्या हीटरवर पडलं तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो.

थंड सुरू होतं, गरम झाल्यावर नाही

दुपारी काम थांबवलं आणि अर्ध्या तासाने ट्रॅक्टर उठत नाही, पण सकाळी एका सेल्फला उठतो. ही रोटरी पंप आतून झिजल्याची खूण आहे. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून मागे निसटतं, सेल्फच्या फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतर सुरू झालं तर पंप बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) न्यायची वेळ झाली आहे. गरम पंपावर थेट गार पाणी ओतू नका, आतले भाग आवळून पंप जाम होऊ शकतो.

आता ओढ: आधी हवा मोजा

सुरू होतो, पण रोटाव्हेटर लावला की आरपीएम पडतात. इथे टर्बोचा प्रश्न येतो आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान केलं जातं.

एअर फिल्टरपासून सुरुवात करा. पऱ्हाटीचा श्रेडर, मक्याचं मळणी यंत्र आणि केळीचे वाळलेले पत्ते यांचा भुसा एका दिवसात प्री-क्लीनर (फिल्टरच्या आधी कचरा पकडणारं भांडं) भरतो. फिल्टर झटकायचा असेल तर हवा आतून बाहेर सोडा, दोन किलो दाबाच्या आत. जास्त दाबाने कागदाला बारीक भोकं पडतात आणि त्यातून गेलेली धूळ टर्बोची पाती घासते. आतली छोटी सेफ्टी कार्ट्रिज साफ करायची नसते, बदलायची असते. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या) जाळ्यांत अडकलेली रुई मागून पुढे पाणी मारून काढा. पाण्याचा दाब कमी ठेवा, नाहीतर पाती मुडपतात.

मग टर्बो ते मॅनिफोल्ड हे होज पाईप. क्लिपजवळ तेलकट काळा पट्टा दिसला तर तिथून हवा निसटते. पक्कं करायचं असेल तर फिल्टरकडचं तोंड बंद करून रेग्युलेटरमधून अर्धा-पाऊण बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. एक बारच्या वर जाऊ नका, टर्बोचं तेलसील दाबाने उलटतं. उघड्या वॉल्वमधून थोडी हवा आत जातच असते, तिचा आवाज दोष समजू नका.

थंड, बंद इंजिनावर टर्बोचं कॉम्प्रेसर चाक बोटाने फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे. शाफ्ट आडवा अगदी थोडा हलला तर चालतं, पण पुढे-मागे हालचाल जाणवता कामा नये. पात्यांनी घरावर ओरखडे काढले असतील तर तो टर्बो गेला.

यानंतर मॅनिफोल्डला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) गेज लावा आणि शेतात पूर्ण लोडवर वाचा. कंपनीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ट्रॅक्टरांत तो बहुधा ०.६ ते १ बारच्या आसपास. बूस्ट आणि धूर एकत्र वाचायचे. बूस्ट कमी आणि धूर काळा असेल तर हवा कमी पडतेय: फिल्टर, होज, वेस्टगेट (वायू टर्बोला वगळून सोडणारी झडप) उघडा राहणं किंवा खुद्द टर्बो. बूस्ट पुरेसा आणि तरी धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा नोझल खराब. बूस्टही कमी आणि धूरही नाही, अशा वेळी डिझेलच कमी मिळतंय. टर्बो जळालेल्या वायूवरच फिरतो, आत जळेल कमी तर तो फिरेल कमी. हे तिसरं चित्र दिसलं की टर्बो बदलणारे पुष्कळ आहेत. खरा दोष मात्र तुंबलेला डिझेल फिल्टर असतो, किंवा मॅनिफोल्डमधून पंपाच्या बूस्ट कंट्रोलला जाणारी बारीक नळी फाटलेली असते. ती नळी फाटली की पंपाला वाटतं बूस्टच नाही, आणि तो डिझेल रोखून धरतो.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. टर्बोचं सील गेलं असेल तर तेच ऑईल इंजिनाचं इंधन होऊन इंजिन आपोआप पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. अशा वेळी मोठा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा, किंवा हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात लावू नका.

पंपाचा स्क्रू

हवा आणि बूस्ट ठीक असल्याशिवाय डिझेलच्या मात्रेला, म्हणजे या स्क्रूला, हात लावायचा नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिनाला धूर न करता चालायला त्याहून बरीच जास्त, अठरा ते वीस किलो लागते. आता उन्हाळ्याचा हिशेब बघा: १० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा त्याच जागेत सुमारे ११ टक्के कमी मावते. तोरणमाळच्या साधारण ११५० मीटर उंचीवरही हवा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. जानेवारीत स्क्रू उघडून 'दमदार' केलेला ट्रॅक्टर म्हणूनच मे महिन्यात काळा धूर सोडतो.

हा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि त्याबरोबर टर्बोच्या आधीचं तापमान चढत जातं. ते सतत ७०० अंशांच्या पुढे गेलं की टर्बाईनच्या घराला तडे, हेड गॅस्केट आणि पिस्टन अशा क्रमाने खर्च येतो. लोडवर फक्त हलकी राखाडी छटा दिसावी, आणि लोड अचानक वाढल्यावर निघणारा काळा झोत एक-दोन सेकंदांत विरावा.

मात्रा बरोबर आहे का, हे डिझेल मोजूनही कळतं. टाकी गळ्यापर्यंत भरा, तासभर पूर्ण लोडवर काम करा, त्याच जागी उभं करून पुन्हा भरा. इंजिनाला एका किलोवॉट-तासाला साधारण २५० ग्रॅम डिझेल धरलं तर ५० एचपी, म्हणजे ३७ किलोवॉटला, तासाला सुमारे ११ लिटर येतात. त्याहून बरंच जास्त लागलं आणि धूरही असला, तर पंप किंवा नोझल दोषी. एखाद्याच सिलिंडरवर संशय असेल तर आयडलवर (लोड नसताना, हळू चालीवर) मेकॅनिकल पंपाच्या एकेका नोझलचा नट क्षणभर ढिला करा. ज्या नोझलने आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही.

जड कामानंतर दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवूनच इंजिन बंद करा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि तो तापलेला असताना ऑईलचा पुरवठा तुटला की बेअरिंगवर ऑईल करपून कोळसा होतो. सुरू केल्यावरही अर्धा मिनिट रेस देऊ नका.

पंप बेंचवर न्यायचाच झाला तर कागदावर लिहून द्या: तास मीटरचा आकडा, थंड आणि गरम सुरू होण्यातला फरक, धुराचा रंग, पूर्ण लोडवरचा बूस्ट आणि तासाचं डिझेल. पंपाच्या प्लेटवरचा नंबर कारागिराला दाखवा, कारण कॅलिब्रेशनचा (मात्रा जुळवायचा) तक्ता त्या नंबरवर ठरतो. सगळ्या सिलिंडरांची मात्रा कामाआधी आणि कामानंतर किती आली, ते आकडे लिहून मागा, आणि स्क्रूला सील लावूनच पंप ताब्यात घ्या.